भाजल्या हाताची मुकादमी

बाबांनी मुलींच्या शिक्षणावर भाषण केलं, त्याच दुपारी आईचा हात भाजला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे बाबांनी कधी मान्य केलं नाही. आईला मात्र तो सरळ दिसत होता. भाषण झालं नसतं तर माणसं घरी आली नसती, माणसं आली नसती तर भजी करावी लागली नसती, आणि भजी केली नसती तर तेल सांडलं नसतं.

आम्ही तेव्हा आसेगावला राहत होतो. मोठा दुष्काळ सरून एखाद-दुसरं वर्ष झालं होतं आणि रस्त्यांची कामं जोरात चालू होती. बाबा त्या कामावर मुकादम होते. गिट्टी पसरायची, रोलर फिरवायचा, डांबर उकळून ओतायचं, आणि हे सगळं करणाऱ्या माणसांवर ओरडायचं, असं त्यांचं काम. त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. एवढी वर्षं उकळत्या डांबराशी काढली, पण अंगावर एक डाग नाही, असं ते पाहुण्यारावळ्यांना बाह्या वर करून दाखवत. हात खरंच स्वच्छ होते.

मी मॅट्रिकला होते. आमच्या घराण्यात तोवर कोणी मुलगी मॅट्रिकला बसली नव्हती, त्यामुळे परीक्षा माझी आणि धाकधूक सगळ्या वस्तीची, असा प्रकार होता. त्या रविवारी विहारात सभा झाली. बाबा उठले आणि म्हणाले, "माही पोरगी पेपर देईपर्यंत चुलीपाशी बसणार नाई. हे मी भर सभेत सांगून राह्यलो." टाळ्या पडल्या. टाळ्यांची सवय नसल्यामुळे बाबांना त्या चढल्या आणि त्यांनी निम्मी सभा चहाला घरी आणली. चहाबरोबर भजीही कबूल करून ठेवली होती.

माणसं अंगणात बसली. भाषणाचा उरलेला भाग बाबांनी तिथे सुरू केला. मी आतल्या खोलीत बीजगणित घेऊन बसले होते. आई चुलीपाशी एकटी. आमची चूल जमिनीवर मांडलेली, तिचा एक दगड कधीचा खचलेला. बाहेरून बाबांनी "आणखी एक घाणा येऊ दे" असं सांगितलं, आईने घाईने झारा घातला, कढई खचलेल्या बाजूला कलली आणि तेल तिच्या उजव्या हातावर आलं.

ती ओरडली नाही. झारा पडल्याचा आवाज ऐकून मी धावले, तर ती डाव्या हातातल्या सांडशीने कढई चुलीपासून लांब सारत होती. उरलेलं तेल जाळावर गेलं असतं तर घर पेटलं असतं, हे तिला त्या क्षणीही सुचलं होतं. मग तिने हाताकडे पाहिलं आणि खाली बसली. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत कातडी लाल झाली होती.

पुढच्या अर्ध्या तासात त्या हाताचं जे झालं, ते तेलानेही केलं नव्हतं.

शेजारची काकू सगळ्यात आधी आली. तिच्या घरच्यांचा गावाबाहेर वांग्या-मेथीचा मळा होता आणि सगळ्या दुखण्यांवर तिच्याजवळ काहीतरी हिरवं असायचं. पण आज तिला हिरव्याऐवजी निळं सुचलं. तिने माझी शाईची दौत उचलली आणि अख्खी आईच्या हातावर ओतली. परीक्षा तोंडावर आली असताना माझी शाई अशी गेली. दुसऱ्या एकीने बटाटा किसून आणला. तिसरीने चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून लावलं. कोणी दातमंजन भुरभुरलं. सभेतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी कोंबडीचं अंडं सुचवलं, तर तेही मिळालं.

बाबा दारात उभे होते. ते हळूच म्हणाले की कामावर कोणाच्या अंगावर डांबर उडालं तर आम्ही हात थेट पाण्यात घालतो. त्यावर सगळ्या बाया एकदम त्यांच्याकडे वळल्या. भाजल्यावर पाणी लावलं की फोड येतात हे लहान लेकराला ठाऊक असतं, असं काकूने त्यांना सुनावलं. भर सभेत बोलणारे माझे बाबा तिथून मात्र अंगणात निघून गेले.

फोड पाण्याशिवायच आले. मग मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात जायचं ठरलं आणि आम्ही तिघं एसटीत चढलो. आईचा हात पुढे धरलेला, वर निळा, मध्ये पांढरा, कडेने बटाट्याचा कीस. कंडक्टरने तिकीट फाडायच्या आधी विचारलं की काय झालं, आणि उत्तर ऐकून मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्याने पिशवीतून मध काढला. पुढच्या बाकावरच्या बाईजवळ बाजारातली हळद होती. आई नको म्हणत नव्हती. तिला इतकं दुखत होतं की जो जे सांगेल त्याच्यापुढे ती हात करत होती.

दवाखान्यातली नर्स अकोल्याकडची होती. तिने आईचा हात उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "बाई, हात भाजला होता, का हाताची भाजी करून राह्यल्या होत्या? फोडणीच द्यायची बाकी ठेवली."

आई एवढ्या दुखण्यातही हसली. मग रडली. तोवर ती रडली नव्हती.

नर्सने हात नळाखाली धरला आणि एकेक थर उतरवू लागली. उतरवताना विचारत होती, हे कोणी लावलं, ते कोणी लावलं. शेवटी तिने सांगितलं की भाजल्याबरोबर नुसतं गार पाणी ओतत राहायचं, बाकी काहीही लावायचं नाही. हे ऐकून बाबा खुर्चीत सरळ झाले. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ऐकणारं आणखी कोणी आहे का म्हणून दारापर्यंत जाऊन आले.

दारापलीकडे खाटा होत्या. बाबा परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. हात बांधून निघताना आम्हालाही ते दिसलं. एका खाटेवर घरी गरम वरणाच्या पातेल्यात बसून भाजलेलं लेकरू होतं. एका म्हातारीच्या पायावर दूध सांडलं होतं. कोपऱ्यात पडद्यामागे एक नवी नवरी होती, गळ्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. तिची आई उशाशी बसून, कोणी विचारलं नसतानाही, स्टोव्ह भडकला असं पुन्हा पुन्हा सांगत होती. नर्सने जाता जाता बाबांना सांगितलं की इथे भाजून येणारी बहुतेक बायामाणसं आणि लेकरंच असतात. पुढे मी स्वतः याच कामात पडले, आयुष्याची बरीच वर्षं जळीत वॉर्डात काढली, आणि बाहेरदेशाहून शिकवायला आलेल्या डॉक्टरांकडूनही हेच ऐकलं. चुली वेगळ्या, भाषा वेगळ्या, पण जगात जिथे जिथे गरिबाचं घर आहे तिथे भाजणारा हात साधारण हाच. त्या दिवशी मात्र मला एवढंच दिसलं की परतीच्या एसटीत आईच्या हाताला धक्का लागू नये म्हणून बाबा आडवे उभे राहिले.

डॉक्टरांनी आईला नवी कातडी येईपर्यंत चुलीजवळ जायचं नाही म्हणून बजावलं होतं. घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला की रांधायचं कोणी. काकूने माझ्याकडे बोट केलं. बाबांनीही माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडंसं.

आई म्हणाली, "तिच्याकडं काहून पाहता? भर सभेत सांगितलं ना तुमी. अंगणातही तेच सांगत होते, मी आतून ऐकून राह्यली होती."

सभेतले निम्मे लोक अजून अंगणात होतेच. हाताचं काय झालं ते विचारायला थांबले होते. त्यांच्यासमोर शब्द फिरवणं शक्य नव्हतं. काकूने दोन दिवस डबा आणून दिला, पण तिच्या मळ्यात तोडणी चालू होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा चुलीपाशी बसले.

बसले म्हणजे तयारीनिशी बसले. पायात कामावरचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात डांबराचे जाड मोजे, डोक्याला फडकं. आई समोर पाटावर बसली, बांधलेला हात उशीवर उंच ठेवून. मी आतून दाराच्या फटीतून पाहत होते, कारण बीजगणितापेक्षा हे अवघड होतं.

"मोजे काढा," आई म्हणाली, "पीठ मळायचं हाय, सडक नाई करायची."

बाबांनी मोजे काढले. बूट पायातच ठेवले. ज्वारीच्या पिठात पाणी घालताना ते त्याला माल कालवणं म्हणत होते. माल पातळ झाला की पीठ, घट्ट झाला की पाणी, असं करता करता परात भरली. आईने मग सूत्रं हातात घेतली. रस्त्यावर बाबा जसे माणसांवर ओरडत तशी ती ओरडली नाही. ती नुसतं बोट दाखवायची आणि "उचला", "फिरवा", "जाळ मांगं वढा" एवढंच म्हणायची. पहिली भाकरी थापून झाली ती एका बाजूने जाड आणि एका बाजूने फाटलेली होती. बाबांच्या मते रोलर फिरवल्याशिवाय असंच होणार. ती तव्यावर टाकली, उलटवायला बोट घातलं, आणि भाकरीची वाफ त्यांच्या बोटांवर आली. बाबांनी हात झटकला आणि सरळ पिण्याच्या पाण्याच्या पितळी गुंडात घातला.

"पाणीच सांगितलं ना नर्सबाईनं," ते म्हणाले.

आईने बोट दाखवलं, गुंड बाहेर ओतायला लावला आणि नवं पाणी आणवलं.

ती भाकरी आम्ही वरणात भिजवून खाल्ली. बराच वेळ भिजवली. पण बाबांनी हार मानली नाही. आठवड्याभरात भाकरी गोल झाली नाही तरी गोलाकडे झुकली. वाळल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ कसा धरतो आणि कसा दगा देतो, ते त्यांना कळलं. डोळ्यांत धूर जाऊन ते लाल डोळ्यांनी कामावर जात, तेव्हा गँगमधली माणसं त्यांच्याशी दबून बोलत. त्यांना वाटायचं, मुकादम रागात आहे.

आणि त्यांच्या हातांवर डाग उठू लागले. कढईच्या काठाचा मनगटावर, निखाऱ्याचा अंगठ्यावर, फोडणीतल्या मोहरीचे बारीक ठिपके कोपरापर्यंत. प्रत्येक डाग ते गल्लीभर दाखवून आले. डांबर एवढं चावत नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. एका संध्याकाळी ते आईसमोर बसले आणि मनगटावरचा ताजा डाग तिच्या पुढे करून म्हणाले की हा पाहिला का, हा कालच्या वरणाचा.

आईने तो पाहिला. मग डाव्या हाताची चोळीची बाही वर सारली. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून डावाच पुढे केला. कोपराच्या आत-बाहेर बारीक, मोठे, जुने, पुसट असे कितीतरी डाग होते. मी ते जन्मापासून पाहत आले होते, त्यामुळे कधी पाहिलेच नव्हते.

बाबांनी एकावर बोट ठेवून विचारलं की हा कशाचा. आईने सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदा पुरण घाटलं तेव्हाचा. तुमचे दोस्त आले होते. हा? हा पोरगी पोटात होती तेव्हाचा, चक्कर आली अन् तव्यावर हात गेला. तुमाले कामावर लवकर जायचं होतं. आणि हा लांबट? हा तुमच्या साहेबाले कोंबडं केलं त्या दिवशीचा. साहेबानं कौतुक केलं होतं, आठवते का?

बाबांना साहेबाचं कौतुक आठवत होतं. त्यांनी डागावरचं बोट मागे घेतलं. मग म्हणाले, "साऱ्यातच मी हाओ का?"

"जेवणारे तुमीच होते ना," आई म्हणाली. तिने ते चिडून म्हटलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी बाबा कोणाला डाग दाखवायला गेले नाहीत. आठवडाभर त्यांनी मुकाट्याने स्वयंपाक केला. पुढच्या रविवारी सकाळी थापी, पातळी पाहायची पाणसळ आणि उभी रेष पाहायचा ओळंबा घेऊन घरात शिरले आणि चूल उपटली. जमिनीवर चूल म्हणजे अपघाताला आमंत्रण, असं त्यांनी आम्हाला समजावलं. लेकरू रांगत येतं, पदर लोळतो, दगड खचतो. चूल वर उचलली पाहिजे. मग त्यांनी दगड-मातीचा ओटा बांधायला घेतला. पाया खोदला, मुरूम भरला, चोपला, पुन्हा चोपला. कढई कलू नये म्हणून चुलीच्या तोंडाला मातीचं गोल कडं केलं. हॉटेलात बातमी पोचली की मुकादम स्वयंपाकघरात पूल बांधतोय, आणि माणसं पाहायला आली. त्यावरून ट्रक गेला असता हे खरं.

ओटा वाळला. आईला बोलावलं. ती समोर उभी राहिली तेव्हा कढईचा काठ तिच्या हनुवटीला लागत होता. पोस्टाच्या खिडकीशी काही विचारायला आल्यासारखी ती दिसत होती. बाबांनी माप स्वतःच्या कमरेवरून घेतलं होतं, आणि आमचे बाबा गावात सगळ्यांत उंच होते.

बाबांनी बराच वेळ सांगितलं की पाणसळीप्रमाणे काम चोख आहे. पायाखाली पाट घेतला की झालं. आईने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रस्ता तुमचा. चूल माही. पाडा."

बाबांनी पाडला. पुलासारखा बांधलेला असल्यामुळे पाडायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग आईने कोपर वाकवून दाखवला, बाबांनी सुतळीने जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं, त्यातून कढईची उंची वजा केली, आणि नवा ओटा बांधला. तो बरोबर झाला.

या सगळ्यात माझी परीक्षा आली आणि गेली. मंगरूळपीरच्या केंद्रावर मी बाबांच्या भाकरीचा डबा घेऊन जात होते. सोबतच्या मुली विचारायच्या की ही कोणी केली, आणि मी सांगितलं की त्यांना पटायचं नाही. शाई काकूने नवी आणून दिली होती, न मागता. मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. बाबांनी पेढे वाटले, आणि वाटताना प्रत्येकाला माझ्या मार्कांबरोबर चुलीच्या ओट्याचं मापही सांगितलं.

आईचा हात बरा झाला. कातडी गुलाबी आली, करंगळी थोडी आखडलेलीच राहिली. पहिल्या दिवशी ती नव्या ओट्यापाशी उभी राहिली आणि भाकरी थापली. बाबा मागे उभे राहून पाहत होते. भाकरी गोल आली. तेव्हा ते बाहेर गेले आणि पुन्हा स्वयंपाकासाठी चुलीपाशी आले नाहीत. ते कायमचे बदलले असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. चहा मात्र ते स्वतः करू लागले, आणि आतून काही पडल्याचा आवाज आला की आधी पाण्याची बादली घेऊन धावत येत. बऱ्याचदा नुसती वाटी पडलेली असे.

काकूला तसाच ओटा हवा होता. मग तिच्या जावेला, मग वस्तीतल्या आणखी घरांना. रविवारी बाबा बांधायला जात, आणि आई बरोबर जात असे. माप घ्यायचं काम तिने दुसऱ्या कोणाकडे दिलं नाही. ती घरातल्या बाईला उभं करी, कोपर वाकवायला सांगे आणि सुतळीला गाठ मारी. बाबा त्या गाठीबाहेर एक बोटही जात नसत.

एका घरात घोटाळा झाला. सासू होती जवळजवळ बाबांएवढी उंच, सून अगदी बुटकी. सासूने कोपर आधी पुढे केला. आईने विचारलं की चुलीपाशी कोण असतं. सासू म्हणाली, मी सांगते, ती करते. आईने सुनेच्या कोपराला सुतळी लावली. बाबांनी सुनेच्या मापाचा ओटा बांधला. सासूला त्यापाशी दुहेरी वाकावं लागू लागलं. आठ दिवसांनी तिने जाहीर केलं की आता माझ्याने भाजीही ढवळवत नाही, सगळं सुनेनेच करावं. पूर्वी निदान पोळ्यांना ती हात लावत असे. सून आमच्या घरी येऊन आईपाशी रडली की तुम्ही माझं भलं करायला गेल्या आणि माझं काम दुप्पट झालं.

आईने सुनेला चहा दिला, म्हणजे बाबांना करायला लावला. दुसऱ्या दिवशी ती त्या घरी गेली आणि सासूला अंगणात बसवून तिच्या उंचीचं खूप कौतुक केलं. एवढ्या उंच बाईला विहिरीतून पाणी शेंदायला किती सोपं जात असेल, आणि डोक्यावर दोन हंडे घेतले तरी ते कुठे धडकणार नाहीत, असं म्हणाली. बाकीच्या आम्ही सगळ्या ठेंगण्या, आमच्या नशिबी चूलच.

त्या उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागत होतं, आणि तोवर ते सूनच आणत असे. सासू दोन हंडे घेऊन ताठ मानेने वस्तीतून जाई, आणि वाटेत कोणी भेटलं की थांबून सांगे, हे ठेंगण्या बायांचं काम नाही.